चंद्रीच्या गाण्याचा डबा

काष्टी, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. रविराज यास चांगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसू नकोस. घरात मोबाईल एकच, तो आमच्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या मामांच्या उशाशी असतो, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको आहे. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला तेव्हापासून ते गोठ्यात पाऊल टाकत नाहीत. त्यांचं गाणं ऐकल्याशिवाय चंद्री म्हैस पान्हा सोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी सगळे देव गाऊन पाहिले. ती दूध चोरते आणि माझ्याकडे बघत उभी राहते. आता मामांनी पाटीवर लिहून दिलंय, बावीस तारखेच्या शनिवारच्या बाजारात तिला विकायचं. चंद्री गेली तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही, अशी मला भीती वाटते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मामा धार काढताना तू त्यांचं गाणं मोबाईलवर घेतलं होतंस. ते वाजवणारा एखादा छोटा डबा पाठव. दीड हजाराच्या आत बसव. मिक्सर निवडायला तू सहा महिने लावलेस, हे तुझ्या स्नेहलने सांगितलंय. इथं तेवढी सवड नाही.

माझा लोभ आहेच, डबा आला की वाढेल.
आत्या

सावेडी, ता. ७ नोव्हेंबर

ती. सौ. आत्यास रविराजचा सा. न. वि. वि.

पत्र मिळताच कामाला लागलो. पाच दुकानं पालथी घातली, नेटवर चाळीस जणांचे अभिप्राय वाचले. तीन प्लेअर काढून ठेवलेत, कुठला घेऊ ते सांग. पहिला बाराशेचा, देखणा, पण बटण एकही नाही, सगळं काचेवर बोट फिरवून. दुसरा साडेआठशेचा, त्याला स्पीकर नाही, इयरफोन लावावा लागतो. तिसरा एकोणीसशेचा, पण तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येते. दुकानदार म्हणाला, ऐकणाऱ्याला कान असेल तर हाच घ्या. शिवाय मेमरी किती हवी? बत्तीस जीबीत हजारो गाणी मावतात. स्नेहल म्हणते, माझ्यात आणि म्हशीत म्हैस जास्त समजूतदार आहे.

उत्तर यावं, आशीर्वादही त्याच पाकिटात यावेत.
रविराज

काष्टी, ता. ११ नोव्हेंबर

चि. रविराजला आशीर्वाद, रागातले.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, तसं चाललंय तुझं. वस्तू तुझ्यासमोर आणि निवडायची मी. धार काढताना माझे हात ओले असतात, काचेवर काय फिरवू? इयरफोन चंद्रीच्या कुठल्या कानात घालायचा, तेही त्या दुकानदाराला विचार. तंबोरा आमच्या गोठ्यात नाही. हजारो गाणी नकोत, एकच हवं, संपलं की पुन्हा तेच लागणारं. चाचपून दाबता येईल असं मोठं बटण, डब्यातच स्पीकर, आणि वीज गेली तरी दोन्ही वेळच्या धारा निघतील एवढी बॅटरी. असले डबे देवळापुढच्या दुकानांत टांगलेले असतात. तिथं जा. मामांनी दलालाला निरोप धाडलाय.

लोभ पुढच्या पत्रात.
आत्या

सावेडी, ता. १५ नोव्हेंबर

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसाच डबा मिळाला, देवळाच्या दारात, साडेसातशेला. आधीच्या पाच दुकानांचा उद्धार स्नेहल आता वर्षभर करील. तुमच्या गावच्या टेम्पोवाल्या अजिनाथकडे तो देतोय.

गाण्यावर मात्र मी तीन दिवस मेहनत घेतली. मूळ रेकॉर्डिंग फार कच्चं होतं. बादलीचा खणखणाट, मामांचा खोकला, ओळ अर्धी सोडून मधेच 'हुबी ऱ्हा गं बाय, हुबी ऱ्हा'. कॉम्प्युटरवर ते सगळं काढून टाकलं. आता नुसता गळा उरलाय. ऐकून डोळे भरतील तुझे.

शाबासकीची वाट पाहणारा,
रविराज

काष्टी, ता. १८ नोव्हेंबर

चि. रविराज, आशीर्वाद मागाहून.

मामा श्रीगोंद्याला तपासणीला गेले होते, तेव्हा डबा लावला. डोळे भरले, बादली भरली नाही. चंद्रीनं दोन ओळी ऐकल्या आणि लाथेनं बादली उडवली. शेजारच्या राहीबाई दारातूनच म्हणाल्या, ह्ये रेडिओवरचं हाय, सहादेवभाऊंचं न्हाई.

तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? पस्तीस वर्षं ते असंच गातात. ओळ अर्धी सोडून जनावराला चुचकारायचं, ते शांत झालं की उरलेली ओळ घ्यायची. तू नेमकं तेच खरवडून काढलंस. खोकला परत घाल. बादली परत घाल. एक शब्द कमी करू नकोस. डबा अजिनाथकडे परत धाडलाय, तो त्याच्याच हाती शुक्रवारी मला मिळाला पाहिजे. शनिवारी सकाळी दलाल दारात येतोय.

लोभाचं शनिवारी बघू.
आत्या

काष्टी, ता. २२ नोव्हेंबर

चि. रविराज यास सहादेवमामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी पत्रं पोस्टमन माझ्याच हाती देत होता, कारण ओट्यावर दिवसभर मीच बसलेला असतो. पाकिटं फोडली नाहीत, पण माझा आवाज गेलाय, डोळे शाबूत आहेत.

आज पहाटे गोठ्यात कुणी खोकलं. खोकला माझाच, ऑपरेशनच्या आधीचा. मग 'हुबी ऱ्हा गं बाय' ऐकलं आणि तसाच अनवाणी गेलो. तुझी आत्या म्हशीखाली बसलेली, बादली कोरडी. चंद्री डब्याकडे बघतही नव्हती. तिची मान दाराकडे वळलेली होती.

आत्याला उठवलं आणि मी बसलो. डबा गात राहिला, हात माझे चालले. साडेचार लिटर निघालं. दलालाला पाटीवर लिहून दाखवलं, म्हैस विकायची नाही. तो चहा न घेताच गेला. आत्या चुलीपाशी जाऊन बराच वेळ रडली, आणि मग तुझ्या नावानं तीन आठवड्यांचं राहिलेलं सगळं बोलून घेतलं.

एक तक्रार मात्र आहे. ओळ अर्धी सुटली की चंद्रीला चुचकारायला मी तोंड उघडतो, तर डब्यातला मी आधीच बोलून मोकळा झालेला असतो. होईल त्याचीही सवय. आता गाण्याला हात लावू नकोस.

तुझा, सध्या डब्यातून गाणारा,
सहादेवमामा