काळं ऑइल कुठं गेलं

४ फेब्रुवारी
वही घेऊन तीन आठवडे झाले. सदर बाजारात घेतली तेव्हा रोज लिहायचं ठरवलं होतं. रोज उद्यावर गेलं. वही तर निमित्त आहे, टाळून राहिलो तो फॉर्म.
काम असं. पुण्याची एक मॅडम आहे. फौजेचा ट्रक जन्मापासून भंगारापर्यंत हवेचं, पाण्याचं, मातीचं काय काय बिघडवतो, ते ती मांडून राहिली. रिटायर झालेले ट्रक लिलावातून रायपूरच्या भंगार यार्डात येतात. तिला यार्ड ओळखणारा, मराठी बोलणारा कोणी पाहिजे होता. आयटीआय अर्धं सोडलेला मी सापडलो.
दोन वर्षांपूर्वी कापलेले सहा ट्रक, सहा फॉर्म, अठरा रकाने. टायर कुठं गेले, बॅटरी कुठं गेली, काच, रबर. सतरा भरले. चौदावा सहाही फॉर्मात कोरा.
"वापरलेले इंजिन ऑइल : अंतिम ठिकाण."
मले माहीत आहे. मीच नेऊन टाकलं.

६ फेब्रु.
समता कॉलोनीत झेरॉक्सले गेलो. दवाखान्याच्या भिंतीले टेकून एक म्हातारा भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करून राहिला होता. सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. दोन तास तिथंच बसलो. झेरॉक्सचं दुकान बंद झालं.
मॅडमचा फोन. "नितीन, चौदावा रकाना राहिलाय तुमचा."
"हो मॅडम. माहिती काढून राहिलो."
मग तिनं पुन्हा समजावलं, गाडीचं आयुष्य म्हणजे एक गोल असतो म्हणे. असन. लोखंड आमच्याच डोंगरातून जाते, ट्रक होऊन बॉर्डरवर जाते, म्हातारं होऊन परत इथं वितळायले येते. नवं लोखंड घेऊन जाणारे लोक वेगळे, मळ ठेवून घेणारे आम्ही.

९ फेब्रु.
यार्डात गेलो. गुढियारीच्या पलीकडं, पटरीच्या अंगानं. दोन वर्षांपूर्वी इथं चार महिने काम केलं, मग मन उडालं अन् जगदलपूरले निघून गेलो. सेठ हसला.
"अरे घुमक्कड़! लौट आया? अब साहब बन के?"
फॉर्म दाखवला. "इसमें क्या है? लिख दे, रिसाइकिल वाला ले गया. ठप्पा मैं मार देता हूँ."
मी म्हटलं, सोचता हूँ.
"तू कब से सोचने लगा बे?"
सगळे हसले, मीपण.
मग एका कापलेल्या केबिनीत जाऊन बसलो. स्टिअरिंगजवळ कोण्या फौजी ड्रायव्हरनं चाकूनं गावाचं नाव कोरलेलं. अर्धंच. बाकीचं अर्धं काय असन, याच विचारात दुपार गेली. फॉर्म तसाच.

१० फेब्रु.
आज लिहूनच टाकतो. इथं तरी.
यार्डात होतो तेव्हा मावशीकडंच राहत होतो, अन् मोठ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मांडव गल्लीतच. उन्हाळा, गल्ली कच्ची, गाडी गेली की अक्षता अन् पुऱ्या सगळ्यांवर धूळ. यार्डात त्या सहा ट्रकांचं काळं ऑइल ड्रमात पडून होतं. कोणी म्हटलं, ऑइल शिंपडलं की धूळ बसते. हे सगळीकडंच करतात. मी ठेल्यावर ड्रम घालून आणले, मगानं शिंपडलं. धूळ खरंच बसली. वरातीतले पाहुणे म्हणे, रस्ता तर डांबरी दिसून राहिला!
मावशीनं सगळ्यांपुढं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आमचा नित्या कामाचा निघाला." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मले कामाचा म्हटलं.
मग सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्लाच, मागायले लागला. आमच्या दारापुढं टाक, आमच्या खाटेच्या पायाले वाळवी लागली, आम्हाले दे. दर आठवड्याले नेत होतो. जे उरलं ते हापशामागच्या खड्ड्यात उपडं केलं. ड्रम रिकामे करून परत द्यायचे होते.
सहा ट्रकांचं सगळं. तिथंच.

१४ फेब्रु.
सकाळी पिंकी, मावशीची धाकटी, हापशावरून बादली भरून घेऊन आली. तिले मराठी समजते, बोलत नाही. "भैया, देखो न, फिर वही रंग."
पाण्यावर इंद्रधनुष्य. हलवलं की फाटते, पुन्हा जुळते.
मावशी म्हणे, "काही नाही होत. वरचं फडक्यानं काढून घ्यायचं, खालचं चांगलं राहते." तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले, खाजवून खाजवून सालं निघाली. साबण खराब आला म्हणते.
मी महिनाभरापासून तिच्या घरी राहून राहिलो अन् एक घोट पाणी पिलो नाही. तहान नाही म्हणतो. स्टेशनवर जाऊन पितो.
आज तिनं विचारलंच. "काहून रे, आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुले? फिरून फिरून मोठा माणूस झाला का?"
मी चहा मागितला. चहा पण त्याच पाण्याचा. अर्धा सोडला. तेही तिनं पाहिलं.

१७ फेब्रु.
मावसाजीले सांगितलं. ते यार्डाच्या गेटवर चौकीदार आहेत. वाटलं होतं चिडतील, मारतील. बिडी विझवली, म्हणे, "मले वास तेव्हाच आला होता."
"मग बोलले काहून नाही?"
"काय बोलू? यार्डातलं निघालं म्हटलं असतं तर सेठनं मले ठेवलं असतं? अन् आणलं कोणी? आमच्याच घरच्यानं. पाऱ्यात तोंड दाखवायचं होतं ना. लिहू नको काही. तू जाशील निघून, तुझं काय. आम्ही इथंच राहणार आहो."
त्यांची पाण्याची बाटली पाहिली. यार्डातल्या कॅनमधून भरलेली. घरी जेवताना ते पाणी घेत नाहीत, मले वाटायचं सवय आहे. दोन वर्षं. मावशी अन् पिंकी घटाघटा पितात अन् हा माणूस समोर बसून कोरडा घास गिळतो.
शिव्या तोंडात आल्या. मग आठवलं, मी तरी काय करून राहिलो.

१९ फेब्रु.
मॅडमचा फोन. "सोमवारी फॉर्म हवेत. नसेल कळत तर 'माहिती उपलब्ध नाही' लिहा. अहवालात चालतं ते."
चालते. सगळंच चालते.
एकदम तोंडातून निघालं, "मॅडम, हापशाचा रकाना कोणता?"
"कोणता हापसा?"
"काही नाही."
"नितीन, कोणता हापसा?"
"गुढियारीकडचा. जाऊ द्या मॅडम." फोन कापला. मग तिचा दोनदा आला, उचलला नाही. ती काय येणार आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, फिल्डवर यायची सोय नाही, म्हणून तर तुम्ही.

२२ फेब्रु.
सकाळपासून छतावर बसलो. एका फॉर्मात लिहिलं. पेन्सिलीनं.
"गल्लीत शिंपडलं. उरलेलं हापशामागच्या खड्ड्यात. नेणारा : मी."
पाच बाकी. खोडरबर खिशात आहे. हे गेलं तर हापशाले कुलूप लागन, बरं होईन. मावसाजीचं काम जाईन. पिंकीचं कॉलेज. अन् मावशीले कळन की तिचा कामाचा नित्या म्हणजे काय. नाही गेलं तर ती उद्या पण फडक्यानं वरचं काढन अन् खालचं

पिंकी खालून ओरडून राहिली. "भैया! जल्दी उतरो! पुणे वाली मैडम आई हैं! अकेली आई हैं, ऑटो से, पूरे मोहल्ले में हापसा पूछते-पूछते!"

खोटं वाटलं. कठड्यावरून वाकून पाहिलं. दारात एक बाई, रुमालानं मान पुसून राहिली. फोनवरच्या आवाजानं वाटली त्याच्यापेक्षा वयानं लहान आहे.
आत मावशीनं घागरीत लोटा बुडवल्याचा आवाज आला.
"बसा बाई, बसा. उन्हातून आल्या. आधी पाणी घ्या."