न वाजणारी पँट

वोल्फ्सबुर्ग,
२८ जुलै २०२४

ती. बाबांस सुमेधाचा सा. न.

तुमचा व्हिसा आल्याचं आईनं फोनवर सांगितलं आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्येच टाळ्या वाजवल्या. आल्झो, म्हणजे इथल्या जर्मनमध्ये 'तर मग', अठरा सप्टेंबरचं तिकीट पक्कं. आई म्हणते, गौरी-गणपती उरकले की बाबांना धाडते, मला मेलं थंडीत नको. चार वर्षांनी भेटतोय आपण, बाबा.

आता कामाचं. माझ्या खालच्या मजल्यावर हेर, म्हणजे श्रीयुत, ल्यूडर्स राहतात. इथल्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि शिकारीचा परवाना आहे त्यांच्याकडे. इथून तासाभरावरच्या जंगलात त्यांचं लाकडी मचाण आहे. सप्टेंबरच्या शेवटी लाल हरणांचे नर माद्यांसाठी डरकाळ्या फोडतात म्हणे. तुम्ही मेळघाटात रेंजर होतात हे मी सांगितलं, तर ते तुम्हाला मचाणावर न्यायला एका पायावर तयार झाले. बंदूक घरी ठेवतील, फक्त दुर्बीण घेतील, असं वचन घेतलंय मी.

फक्त एक अडचण आहे. दुपारी वीस डिग्री आणि पहाटे दवाचं बर्फ होतं. तुमच्या खाकी पँटीचं तिथे काही चालायचं नाही. ल्यूडर्स म्हणतात, जाकीट माझं घ्या, पण पँट ज्याची त्याची हवी, शिकाऱ्याची. आयुष्यभर शिकाऱ्यांच्या मागे धावलात, आता त्यांचीच पँट घाला! मापं कळवा. आईला टेप धरायला लावा, तुम्ही पोट आत घेता.

आईला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
सुमेधा

परतवाडा,
१३ ऑगस्ट २०२४

चि. सुमेधा हिस अ. उ. आ.

पत्र पावलं. फोनवर मी नुसतं हॅलो हॅलो करत बसतो, तुझ्या आईला चिडवायला तेवढंच मिळतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, बोलणं पोचवत नाही. म्हणून पत्रच बरं. तू काय म्हणालीस ते दोनदा वाचता येतं.

मापं मागे लिहिली आहेत. टेप आईनंच धरला, पोट आत घेतलं नाही.

पँट गरम आहे की गार, हे मला फारसं महत्त्वाचं नाही. उन्हाळ्यातला मेळघाट मी काढलाय आणि चिखलदऱ्याची डिसेंबरची पहाटही. मला एकच सांग, कापड वाजतं का? कोलकासच्या पाणवठ्यावर आमच्या एका गार्डनं नवी नायलॉनची पँट घातली होती. सांबर पाण्याला तोंड लावणार, तेवढ्यात यानं मांडी हलवली. सांबर गेलं आणि रात्रभर दुसरं काही आलं नाही. आता माझी पँट वाजली तर ते मलाच कळणार नाही, पण हरणाला कळेल. तू गाड्यांच्या आतला आवाज मोजायची नोकरी करतेस. माझ्यासाठी तेवढं ऐकून घे.

तब्येतीला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझे बाबा,
पद्माकर

वोल्फ्सबुर्ग,
३० ऑगस्ट २०२४

ती. बाबांस सा. न.

घेतली पँट! शनिवारी ल्यूडर्सना घेऊन शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेले. भिंतीवर शिंगं आणि खाली हिरव्या कपड्यांचे ढीग. तुम्ही असतात तर दारातूनच भांडत आत आला असतात.

पहिली पँट जाड, आतून अस्तर, पाऊस वारा काही आत शिरणार नाही अशी. पण मांडीला मांडी घासली की वेफर्सची पिशवी फोडल्यासारखा आवाज. दुसरी पातळ, मऊ, अजिबात न वाजणारी, पण पहाटे तुमची हाडं गोठली असती. मी एकेक पँट कानाला लावून चोळत होते, डोळे मिटून. दुकानदारीण बाई जरा लांब सरकून उभ्या राहिल्या. मग ल्यूडर्सनी त्यांना तुमच्या कानांचं सांगितलं. त्या आतून एक लोकरीची पँट घेऊन आल्या. घट्ट विणीची, घोंगडीसारखी, पण हलकी. दोन्ही मांड्यांना बाहेरून चेन आहे, आत जाळी. चढताना गरम झालं की उघडायची, बसलं की लावायची. खाली घालायला लोकरीची पातळ विजार वेगळी, पहाटेसाठी. मी ती पँट घालून दुकानभर चालले, बसले, उठले. काही नाही, बाबा. एवढंसुद्धा नाही.

तुमच्या खोलीत कपाटाबाहेरच टांगून ठेवलीय. ऑफिसातून आले की तुम्ही आधीच येऊन राहिलात असं वाटतं.

वाट बघतेय. लवकर या, एवढाच लोभ करा.

सुमेधा

परतवाडा,
१५ सप्टेंबर २०२४

चि. सुमेधा हिस अ. आ.

आईनं फोनवर सांगितलंच असेल. गौरी आणताना ओल्या पायरीवरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं, प्लेट घातली आहे. पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांचं सांगणं आहे. ती मला सारखी खुणा करून सांगते की तुम्ही जा, सुधा येऊन राहील माझ्याजवळ. सुधामावशी येईलही. पण मी तिकीट रद्द केलं.

रात्री तिनं हाक मारली तर मला ऐकू येत नाही. म्हणून तिच्या मनगटापासून माझ्या मनगटापर्यंत एक दोरी बांधली आहे. तिनं ओढली की मी उठतो. ती म्हणते बैल केलाय माझा. हसते, त्यावरून बरी आहे असं समज.

पँट दुकानात परत कर. मनाला लावून घेऊ नकोस. मीही घेत नाही.

तुझे बाबा

वोल्फ्सबुर्ग,
२९ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस सा. न.

पँट परत केली नाही. दोनदा पिशवीत भरली आणि दोनदा काढली. मग काल मीच घातली. खालून दुमडून, कमरेला पट्टा आवळून. ल्यूडर्सना म्हटलं, चला.

चढताना चेन उघडल्या, बसल्यावर लावल्या. मचाणावर आम्ही दोघं, आणि मध्ये तुमची जागा. ल्यूडर्स आपणहून कडेला सरकून बसले होते. सूर्य गेला आणि थंडी जमिनीतून वर आली.

मग तो ओरडला. मी नीट ऐकलं, बाबा, तुमच्यासाठी. सांबरासारखा एकच ठोका नाही. सुरुवात कण्हल्यासारखी, थंडीत आपली जुनी जीप सुरू होत नसे तशी. मग आवाज खाली खाली जातो, पत्र्याचं रिकामं पिंप दगडावरून ओढत न्यावं तसा, आणि शेवटी तीन-चार आखूड खोकले. पलीकडच्या टेकडीवरून दुसऱ्यानं उत्तर दिलं, बारीक आवाजात, तरणा असावा. त्यावर हा आमचा इतका जोरात ओरडला की पायाखालची फळी थरथरली. कानांनी नसतं, पण तळपायांनी तुम्ही ते ऐकलं असतंत. तेव्हा मला रडू आलं. तोंडावर हात दाबून रडले, कारण हरीण जाईल. ते गेलं नाही. धुक्यातून बाहेर आलं, मानेवर भिजलेले केस, तोंडातून वाफ. कितीतरी वेळ उभं होतं.

ल्यूडर्सनी थर्मासमधला चहा दिला आणि पुढच्या वर्षी, गेनाऊ, म्हणजे अगदी इथेच, असं म्हणाले.

आईचा पाय कसा आहे? दोघांवरही माझा जीव आहे. तो तिकडेच ठेवून घ्या.

सुमेधा

परतवाडा,
१६ ऑक्टोबर २०२४

चि. सुमेधा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र अंगणात बसून वाचलं. मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पिंप दगडावरून ओढतात तिथे मी तसा आवाज काढला म्हणे. शेजारचे गुरुदत्त कुंपणापाशी आले बघायला. मला हरीण भेटलं. त्याबद्दल आता काही मागणं नाही.

पण आई एक बोलली आणि ते मला तिनं पाटीवर लिहून दाखवलं. पोरीनं सगळ्या पत्रांत हरीण, पँट आणि म्हातारा शेजारी लिहिला. जेवते कुणाबरोबर, सुट्टीत बोलते कुणाशी, एक ओळ नाही. मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. तिचं खरं आहे.

आईनं काल काठी घेऊन अंगण ओलांडलं. फेब्रुवारीत विमानाला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. आम्ही दोघं येतो. तेव्हा तिथे हरणं ओरडत नाहीत हे मला माहीत आहे. बर्फ असेल, अंधार लवकर पडेल, कुठे जाता येणार नाही. जायचंच नाही. आई स्वयंपाक करील. तू ऑफिसातून ये आणि माझ्यासमोर बस. चार वर्षांचं सगळं मराठीत बोल, हवं तेवढं, हवं तितक्या भरभर. मला ऐकू येणार नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन.

आशीर्वाद आहेतच. थोडे दिवस धीर धर, पोरी.

तुझे बाबा