पूर्ण बाहीचा शर्ट

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद सवयीने लिहिले, मनात काय आहे ते पुढे वाच. परदेश दौऱ्याचा संघ परवा रेडिओवर जाहीर झाला. गिऱ्हाइकाचा झगा तसाच टाकून, शिवणयंत्र थांबवून ऐकला. माझ्या लेकाचं, तुझ्या सख्ख्या भाच्याचं, आपल्या लांबूचं नाव त्यात नाही! यंदा सगळ्यांत जास्त बळी घेणारा फिरकी गोलंदाज घरी, आणि विमानात कोण, तर तो अडतिशीचा म्हातारा. तो चेंडू अडवायला वाकेपर्यंत फलंदाज तीन धावा काढून पाणी पिऊन येतात.

तरी मी गप्प बसले असते. पण तुमच्या निवड समितीचा नियम मलाही ठाऊक आहे. नातेवाइकाचं नाव निघालं की त्या सभासदाने बाहेर जाऊन बसायचं. तू आत बसून राहिलास आणि विरोधात बोललास, असं पेपरात आलंय. आमचा लांबू ताटावर बसतो आणि तसाच उठतो. घरचा भेदी हे मी आजवर दुसऱ्यांच्या भावांना म्हणत होते.

माया आटलेली नाही, जरा आडोशाला गेली आहे.
तुझी अक्का

७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी बायकोच्या हाती पडलं, आणि तेव्हापासून ती तुझ्या बाजूने भांडतेय. एकीकडे पेपरवाले, दुसरीकडे तुम्ही दोघी. इकडे आड, तिकडे विहीर.

नियम मी मोडला, हे खरं. बाहेर गेलो असतो तर बाकीच्यांनी लांबूला एकमताने घेतलं असतं, म्हणूनच गेलो नाही. अक्का, हे फक्त तुला सांगतो. जोरात वळणारा चेंडू टाकताना त्याचं कोपर वाकतं आणि झटक्यात सरळ होतं. ती गोलंदाजी नव्हे, फेकणं झालं. इथले पंच काणाडोळा करतात. तिथे चहूबाजूंनी कॅमेरे असतात. पहिल्याच सामन्यात तक्रार, मग चाचणी, मग बंदी, आणि 'फेक्या' हे नाव जन्मभर चिकटणार. समितीत खरं कारण सांगितलं असतं तर बोभाटा झालाच असता. म्हणून पोर अजून कच्चा आहे, एवढंच म्हणालो.

मी चुकत असेन तर दाखवून दे. फार आनंद होईल मला.

आडोशाला गेलेल्या मायेची वाट पाहणारा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचून आधी चडफडले. मग दुरुस्तीच्या कपड्यांत लांबूचा शर्ट हाताला लागला. भर उन्हातही तो पूर्ण बाह्यांचेच शर्ट शिवून घेतो. हात रापतात म्हणतो. त्याच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही कोपरापाशी उसवते, डावी कधीच नाही. मी आपली दरवेळी दुहेरी टीप मारत आले, आणि पोरगं किती राबतं म्हणून कौतुक करत आले.

तो शर्ट आणि तुझं पत्र, दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं. म्हणाला, की त्याला ठाऊक होतं. एकदा मोठ्या संघात शिरलो की सुधारू, असं ठरवून बसला होता. धाकट्या, मला रडूच फुटलं. इतकी वर्षं लेकरू ही भीती एकटंच घेऊन खेळत होतं.

माझं मागचं पत्र फाडून टाक. बायकोला मात्र भांडू दे, तिची सवय मोडू नये.
तुझी अक्का

२ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या. कात्री मी चालवली, शर्ट त्याने धरला. आता रोज सकाळी मागच्या मोकळ्या जागेत उघड्या हाताने गोलंदाजी करतो. चेंडू पहिल्यासारखा वळत नाही. शेजारचा न्हावीसुद्धा त्याला चौकार मारतो आणि वर दुकानात सांगत सुटतो.

तुझ्या म्हाताऱ्याचे सामने टीव्हीवर लागले की लांबू नुसता त्याचा हात बघत बसतो. काल आपणहून म्हणाला, मामाने माणूस बरोबर निवडला. मी म्हटलं, म्हाताऱ्याची कंबर वाकत नाही तसं कोपरही वाकत नाही. तेव्हा कितीतरी दिवसांनी तो खळखळून हसला आणि दोन घास जास्त जेवला.

माया आडोशातून बाहेर आली आहे, पोटभर घे. ताकीद एकच. पुढच्या वेळी त्याचं नाव निघालं, की मुकाट्याने बाहेर जाऊन बस.
तुझी अक्का