शेवटच्या फेरीतला धक्का

सीडर फोर्क, नॉर्थ कॅरोलायना
२ ऑक्टोबर १९९१

॥ प्रभूची कृपा या घरावर आणि तुझ्या त्या गॅरेजावर सारखीच असो ॥

चि. लिओना हिस,
एनक काकाचे अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. बुधवारच्या प्रार्थनेनंतर काकूने ते मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि मधेच थांबून म्हणाली, की पोरीच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्या दिराला तेव्हाच हटकायला हवे होते. तुझे वडील समोरच बसले होते. ते नुसते हसले.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. होबार्ट प्रुइट यांच्या गाडीवर तू पाच हंगाम शर्यती केल्यास; दुसरी-तिसरी पुष्कळदा आलीस, पहिली कधीच नाही. हॅरिस गॅपच्या मैदानावरची हंगामातली ही शेवटची शर्यत जिंकली नाहीस, तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार. त्या आखूड मैदानात पुढच्याच्या बंपरला मागून ढकलल्याशिवाय वाट मिळत नाही. सगळे ढकलतात, तू ढकलत नाहीस. ढकलणे हे पाप आहे का, असे तू विचारतेस.

बाळ, पवित्र शास्त्रातला याकोब जन्मला तोच भावाची टाच धरून. पुढे त्याने आंधळ्या बापाला फसवले, थोरल्या भावाच्या वाट्याचा आशीर्वाद पदरात पाडून घेतला, आणि त्यापायी परमुलखात वर्षानुवर्षे राबला. मागून ओढून घेतलेले अंगी लागत नाही, एवढे मला त्यातून उमगते. तू लिहितेस तो शर्यतवाला गार्लंड यौंट तुझ्यापुढे असेल तेव्हा त्याचीही बायको जीव मुठीत धरून प्रेक्षकांत बसलेली असते. बाकी मोटारींतले मला काय कळणार? माझी मोटार काकू चालवते.

शर्यतीआधीच्या प्रार्थनेसाठी मैदानाच्या व्यवस्थापकांनी यंदाही बोलावले होते. रविवार माझ्या चर्चच्या मंडळीचा, असे मी यंदाही कळवले.

लोभ आहेच, त्याला मागणी लागत नाही.
तुझा,
एनक स्टेमी


शार्लट
७ ऑक्टोबर

ती. काकांस,
लिओनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र गॅरेजातच वाचले. डोळे पुसले ते तेलकट हातांनी, त्यामुळे दिवसभर मेकॅनिक मला अस्वल म्हणत होते.

काका, रागावू नका. एक पान वाचून पुस्तक मिटायचे नाही, मागचे-पुढचेही वाचायचे, हे तुम्हीच शिकवलेत. तुम्ही याकोबाची टाच लिहिलीत आणि नदीकाठची रात्र वगळलीत. तिथे त्याने कुणाला फसवले नाही. देवाच्या दूताशी अंगाला अंग भिडवून तो पहाटेपर्यंत झुंजला, आणि आशीर्वाद दिल्याखेरीज सोडणार नाही म्हणाला. तोही आशीर्वादच ना?

गार्लंड मला पाच वर्षे ढकलतो आहे. पहिल्यांदा मी रडले, तर तो येऊन म्हणाला, की ताई, धक्का सोसायचा नसेल तर चर्चच्या आवारात गाडी फिरव, तिथे जागा मोकळी असते. आमच्यात रीत अशी, की ढकलावे पण भिंतीवर घालू नये. आणि ज्याला ढकलले त्याने सावरून परतफेड करावी. मी कधी परतफेड केली नाही. मला ती नम्रता वाटली. परवा त्याची बायको नेल मला म्हणाली, की तू त्याला खिजगणतीतच धरत नाहीस असे वाटून तो मनातून खट्टू आहे. सगळ्या पुरुषांनाही तेच वाटते म्हणे: ही आपल्यात नाही, नुसती आपल्या मागे आहे. माझ्या सौजन्याचा असा अर्थ होत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

तरी तुम्ही नको म्हणालात तर मी ढकलणार नाही, मग गाडी गेली तरी चालेल. उलट टपाली लिहावे. काकूंना नमस्कार.
आपली,
लिओना


सीडर फोर्क
९ ऑक्टोबर

चि. लिओनास आशीर्वाद.

तू बरोबर वाचलेस. ती रात्र मी विसरलो नव्हतो. त्या झुंजीत याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला आणि तो लंगडत परतला. तुला पत्र लिहिताना तेवढे लिहायला हात धजला नाही, म्हणून सगळेच वगळले. यात शास्त्र कमी होते, काकाची भीती जास्त.

मी नको म्हणत नाही. भिडायचे ते मनात द्वेष न ठेवता भीड. रविवारी मी गुडघ्यांवर असेन.
एनक काका


शार्लट, रुग्णालय
१६ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

वडिलांनी फोनवर जुजबी सांगितले असेलच. बाकीचे असे.

शेवटच्या फेरीला गार्लंड पुढे होता. तिसऱ्या वळणावर मी बंपरला बंपर टेकवला. मारला नाही, टेकवला. तो वळणाच्या बाहेरच्या कडेला सरकला, मी आतून निघाले. सरळ पट्ट्यावर त्याने रीतीप्रमाणे धक्का परत दिला. दोघांनी आडवे होतच शेवटची रेषा ओलांडली. मी अर्ध्या बॉनेटने पुढे होते. मग माझी गाडी फिरून भिंतीवर गेली.

गार्लंड धावत खिडकीशी आला. मला वाटले, आता चार शब्द सुनावणार. तर म्हणाला, की ताई, एका धक्क्यासाठी माणसाला पाच वर्षे ताटकळत ठेवतात का? मग माझा चेहरा पाहून रुग्णवाहिका येईपर्यंत हात धरून उभा राहिला. नेलने इथे केळ्याचे पुडिंग आणले होते. ते परिचारिकांनीच फस्त केले. होबार्ट म्हणाले, की पाय बरा होईतो तुझ्या जागी दुसरा बसेल, पण त्याने सीट स्वतःच्या मापाची करून घेऊ नये असे मी बजावले आहे.

दुखापत डाव्या जांघेच्या सांध्याला आहे. चालेन, पण डॉक्टर म्हणतात, थोडी लंगडतच. काका, हे ऐकून मी हसू लागले, तेव्हा त्यांना वाटले औषध डोक्यात गेले.
आपली,
लिओना


सीडर फोर्क
२१ ऑक्टोबर

चि. लिओनास अ. उ. आ.

सांध्याच्या ओळीशी काकूने पत्र माझ्या हाती दिले. पुढचे मी वाचले, फार हळू. मी ज्याला भीत होतो ते झाले, आणि तू हसलीस.

वसंतातल्या शर्यतीची प्रार्थना मी स्वीकारली आहे. त्या रविवारी आमची उपासना सकाळी आठला होईल. आमच्या मंडळीतले ज्येष्ठ व्हर्जिल म्हणाले, की चला, एकदा तरी कानात रेडिओ न घालता तुमचे प्रवचन ऐकू. तेव्हा मला कळले, की तुझी प्रत्येक शर्यत माझ्याच चर्चमध्ये ऐकली जात होती.

कुणाला धक्का लागू नये, असे मी तिथे मागणार नाही. देणाऱ्याचा हात हलका असावा आणि घेणाऱ्याला सावरायला जागा मिळावी, एवढेच मागेन. याकोब लंगडत निघाला तेव्हा त्याच्यावर सूर्य उगवत होता, हेही मागच्या पत्रात लिहायचे राहिले.

हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या वाचनात येईल, त्यांना बरोबरीने भिडणारे कुणी लाभो, आणि सोडताना तो त्यांना आशीर्वाद देवो.
तुझा,
एनक काका