बाहेरच्या खोलीतली मराठी

आबा, आज वर्गात पुन्हा तेच शिकवलं, उत्तरवसाहतवादी साहित्याची वैशिष्ट्यं. दरवर्षी शिकवते, आता घसाही बसतो आणि मनही. राज्यकर्ते जातात पण त्यांची भाषा डोक्यात राहते, लेखक तीच भाषा आपल्या वळणाने वाकवतो, पुसलेला इतिहास पुन्हा सांगतो, आपण नक्की कोण ते शोधत बसतो. मुलं माना खाली घालून उतरवून घेतात. उदाहरणं सगळी आफ्रिकेची, आणि समोरची पोरं भुसावळच्या पलीकडे न गेलेली. आज पहूरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, घरचं उदाहरण दिलं तर चालेल? बँकेत साहेब काही विचारायला लागले की माझी आजी गप्प बसते. म्हणते, मले बोलता नही येत." मी म्हटलं, परीक्षेत नको गं, मार्क जातील. ती खाली बसली.

मग दिवसभर धरणगावचं आपलं घर डोळ्यांपुढून हलेना. स्वयंपाकघरात तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत आईशी खानदेशी बोलता, खळखळून हसता. उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आलात की गुरुजी होता, पुस्तकातलं बोलता. आम्हा पोरांनाही तोच कायदा. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब बाहेर बसलेत आणि मी आतून धावत येते, "आबा, चाला ना जेवाले, बठ्ठं थंडं व्हई गयं!" साहेब हसतात. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "आत जा. नीट बोलता येईल तेव्हा बाहेर ये." दाराआड आई उभी होती. त्यानंतर पाहुण्यांसमोर ती कधी बोलली नाही.

मी नीट बोलायला शिकले, आबा, त्यावरच नोकरी लागली. त्या साहेबांपुढे तुम्हीही घाबरलेले होतात, हे कळतं मला. साहेबाच्या भाषेची ही भीती, पगार घेऊन मी वर्गात तेच तर शिकवते. तरी आज राग आला, तुमचा आणि माझाही.

कॉलेज सुटल्यावर त्या मुलीला गाठलं. "आजीचंच लिही. मार्कांचं मी बघते." तिचा चेहरा उजळला. "तिच्याच बोलीत लिहू? तुम्ही तपासाल ना?" हो म्हणून बसले.

हे पत्र खरं तर तुम्हाला लिहायचं नव्हतंच. घरी येऊन आईला लिहायला बसले होते, तिच्याच बोलीत. 'माय' एवढं लिहिलं आणि पुढे एक ओळ येईना. म्हणून मग तुम्हाला लिहिलं, बाहेरच्या खोलीतल्या मराठीत.