भिंतीपलीकडचा पुदिना

प्रिय ठमे,

सहा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. मीही आहे, फक्त गुडघे कुरकुरतात. तू मनासारखं लग्न केलंस आणि मी तुझं नाव टाकलं, तेव्हापासून घरात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त. तुझ्याकडे एक मागायचंय. ते शेवटी मागतो, एकदम मागायला जीभ रेटत नाही. आधी पुदिन्याचं ऐक.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फुटक्या बादलीत तू लावला होतास ना, तो. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी तो मुळासकट उपटला आणि मागच्या भिंतीवरून ओढ्याकडे भिरकावला. आई म्हणाली, झाडावर कसला राग काढता? आता तूच सांग, तीस वर्षं बागेत माळीकाम केलं, पुदिना कुंडीबाहेर जाऊ देऊ नका म्हणून हाताखालच्या माणसांना दम भरला, आणि मीच तो ओल्या मातीत फेकला! अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पहिल्या वर्षी चार पानं दिसली, मी काणाडोळा केला. आता मेला काठाकाठाने पार धुण्याच्या दगडांपर्यंत पोचलाय. जांभळट तुरे येतात, मधमाश्या घोंगावतात. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मूठभर खुडून नेते आणि वर मलाच विचारते, काका, इथे रानात हा कोणी लावला हो? मी म्हणतो, आमच्या पोरीने. रोज फिरायला म्हणून निघतो आणि तिथेच बसून येतो. तुझी फार आठवण येते गं. आईला हे सांगायची सोय नाही, ती लगेच म्हणेल, मग लिहा की दोन ओळी.

आता खरं ते लिहितो. गेल्या महिन्यात तू आली होतीस. आई बाजारात गेली होती. तू दोनदा बेल वाजवलीस. मी दाराच्या आत कडीवर हात ठेवून, फटीतून बघत उभा होतो. लाज म्हण, ताठा म्हण, हात हललाच नाही. कडेवरच्या लेकीला तू म्हणालीस, आजोबा झोपले असतील, बाळा. मी दाराशीच उभा आहे हे ओळखूनही माझी अब्रू राखायला तू तिच्याशी खोटं बोललीस. मी झोपलो नव्हतो गं. तिला घेऊन ये. तिला ते मीच सांगेन.

तुझाच,
आडमुठा बाबा