पडक्या घंटाघरामागे, रोसा

४ मार्च १९८६, मंगळवार

आजही फादर केलरनी विचारलं, माझं काही पत्र? नाही म्हणताना जीभ जड होते. चाळीस वर्षं फिलिपीन्समधल्या एका खेड्यात मिशनरी म्हणून काढली, आता ॲन आर्बरच्या आमच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असतात. वर्षभरात तिथून एक ओळ नाही. आज म्हणाले, "माझंच काही चुकलं असेल."

कसली कृतघ्न माणसं!

६ मार्च

अंगाची लाही लाही होतेय. ऑफिसात पिना शोधत होते, तर खालच्या खणात बुटांचा खोका — आत फादरांची पत्रं! त्यांनीच लिहिलेली, वर्षभराची, एकही पोस्टात गेलेलं नाही!

सुपरवायझर मिसेस डॉसन थंडपणे म्हणाली, "घराचा नंबर नाही, रस्ता नाही, अशी पत्रं पाठवत नाहीत. मी इथे यायच्या आधीपासूनचा नियम आहे."

पत्ते असे — 'पडक्या घंटाघरामागे, रोसा.' 'चिंचेजवळच्या विहिरीसमोर, शिंपी.' खाली गाव, प्रांत, देश. नवी नर्स लूझ तिकडचीच. वाचून तिचे डोळे भरले. म्हणाली, "पोस्टमनला आणखी काय लागतं?"

तेच तर! माहेरी सासवडला आमची पत्रं 'राममंदिराचा बोळ, आडासमोर' एवढ्यावर येतात. या बाईला मात्र नंबर हवा!

७ मार्च

सगळी पत्रं स्वतः टाकून आले. डॉसनबाईला तोंडावर सांगितलं, तुला काळीज नाही. घरी नवऱ्याचं, त्र्यंबकचं सुरू — "कशाला पंगा घेतेस? जॉब जाईल, यार." जाऊ दे!

१६ एप्रिल

रोसाचं पत्र आलं! लूझने वाचून दाखवलं, फादरांनी तीनदा वाचायला लावलं. घंटाघर वादळात पार कोसळलं, पण लोक पत्ता अजून तोच सांगतात. आणि शेवटी — "आम्हाला वाटलं, तुम्हीच आम्हाला विसरलात."

फादर लहान मुलासारखे रडले. माझा राग पुन्हा उसळला. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत डॉसनबाईला विचारलं, आता झोप लागते का?

१७ एप्रिल

सकाळी तिने रिकामा खोका माझ्या टेबलावर ठेवला. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली — 'पत्ता अपुरा. पाठवू नयेत.' तारीख माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली. अक्षर माझं.